धावपट्टीवरची घार

“काही दिसलं का, फटाके?”

वॉकीटॉकीतून टॉवरचा आवाज पुन्हा आला आणि त्याने पुन्हा तेच उत्तर दिलं, “बघतोय.” जीप धावपट्टीच्या कडेकडेने रांगत होती आणि तो अर्धा बाहेर वाकून गवत न्याहाळत होता. थोड्या वेळापूर्वी उतरलेल्या विमानाच्या पायलटने सांगितलं होतं, की चाकं टेकायच्या जरा आधी पंखावर काहीतरी आपटलं. पक्षीच असणार. विमान सुखरूप उतरलं होतं, प्रवासी आपापल्या बॅगा घ्यायला गेलेही होते. पण तो पक्षी, किंवा त्याचं जे काही उरलं असेल ते, सापडेपर्यंत धावपट्टी मोकळी झाली असं म्हणता येत नव्हतं. आणि पुढचं विमान माणसं भरून तयार उभं होतं.

पक्षी हाकणं हीच त्याची नोकरी होती. लहानसा विमानतळ, दिवसाला मोजकी विमानं. त्याच्या दिमतीला एक पिवळी जीप, एक भोंगा आणि फटाके उडवायचं पिस्तूल. तो लागला होता गवत कापायला. मग कधीतरी कुणाच्या तरी लक्षात आलं, की ह्या माणसाची नजर सारखी वर असते. तेव्हापासून हे काम त्याच्याकडे आलं, आणि ‘फटाके’ हे नावही. खरं नाव आता फक्त बायकोला माहीत, आणि ती ते घेत नसे. कुणाच्याही घरी गेला तरी तो खिडकीकडे तोंड करून बसायचा. विमान उडालं, की पाण्याच्या टाकीच्या पलीकडे जाईपर्यंत त्याचा श्वास अडकलेला असायचा. विमानात मात्र तो आजवर कधी बसला नव्हता. बसायची इच्छाही नव्हती. “मी आत बसलो तर बाहेर कोण बघणार?” असं तो म्हणायचा, आणि ते गमतीने नसायचं.

घार गवतात बसली होती. पडली नव्हती, बसली होती. डावा पंख लोंबत होता, त्याची पिसं पंख्यासारखी जमिनीवर पसरली होती, चोच उघडी होती. त्याला बघून ती तसूभरही मागे सरकली नाही.

मेलेला पक्षी पिशवीत भरून साहेबांकडे नेऊन द्यायचा, हा नियम. जिवंत सापडला तर काय करायचं, ते कुणी सांगितलेलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं. मान पिरगाळायची. त्याने ते पूर्वी केलं होतं. वाईट वाटायचं, पण हात चालायचा. त्याने जाड चामड्याचा हातमोजा चढवला, वाकला आणि डावा हात पुढे केला.

घारीने तो धरला.

मोज्यातून नख्या आत गेल्या त्या थेट अंगठ्याच्या मुळाशी. तो ओरडला. हात ओढला तशी घारही हाताबरोबर वर आली. दुसऱ्या हाताने पंजा सोडवायला गेला तर पकड आणखी घट्ट झाली.

“फटाके! रनवे मोकळा का?”

“एक मिनिट.”

“मिनिट कुठनं आणू रे बाबा? लोक आत बसून शिजतायत.”

तो तसाच जीपकडे धावला. घार मांडीवर, डावा हात तिच्या ताब्यात, उजव्या हातात स्टिअरिंग. गिअर बदलायला हातच नव्हता, त्यामुळे पहिल्याच गिअरमध्ये, इंजिन बोंबलत, जीप धावपट्टीबाहेर आली. “मोकळा,” तो हनुवटीने बटण दाबून म्हणाला. थोड्याच वेळात विमान त्याच्या पाठीमागून उडालं. हातातून रक्त गळत असतानाही ते टाकीच्या पलीकडे जाईपर्यंत तो बघत राहिला. घारही त्याच दिशेला बघत होती.

अग्निशमनाच्या शेडमध्ये बंब चालवणारा त्याचा दोस्त डबा उघडून बसला होता. जीप बघून तो उठला, आणि जीपमधलं बघून थांबला.

“अरे, हातात घड्याळ बांधतात. हे काय बांधून आलास?”

“सोडवा रे आधी.”

दोघातिघांनी प्रयत्न केला. एकाने पक्कड आणली तेव्हा हात अडकलेला तोच खेकसला, “नखं तुटतील तिची!” मग बंबवाल्याने गावातल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. विहिरीत पडलेली मांजरं, कुत्री काढून तो त्यांच्याकडेच न्यायचा. बाई फोनवरून शांतपणे म्हणाल्या, “ओढू नका. डोक्यावर फडकं टाका, अंधार करा. मग पाय सरळ करा. पाय दुमडलेला आहे तोवर पंजा उघडणार नाही.” बंबवाल्याने आपला टॉवेल घारीवर टाकला, पाय हलकेच ताणला, आणि नख्या एकेक करून आपोआप सुटल्या.

“आता?” बंबवाल्याने विचारलं. टॉवेलखाली घार गुपचूप होती. मान तिथेच होती, टॉवेलच्या घडीत. त्याने तिकडे पाहिलं आणि म्हणाला, “आता डॉक्टरकडे.”

“तुला की तिला?”

“आधी तिला.”

डॉक्टरीणबाईंनी मात्र आधी त्याचाच हात धुतला आणि माणसांच्या डॉक्टरकडे जायची तंबी दिली. मग घार टेबलावर घेतली. पंखातल्या दोन समांतर हाडांपैकी एक मोडलं होतं. “शेजारचं शाबूत आहे, तेच तिला आधाराची कामटी. पंख अंगाशी बांधून टाकते. काही आठवडे हलता कामा नये. खाल्लं तर जगेल.”

“आणि नाही खाल्लं तर?”

“खाल्लं पाहिजे,” बाई म्हणाल्या.

जखमी पक्षी सांभाळणारी संस्था होती, पण दूरच्या शहरात. बाईंनी तिथे फोन केला. पिंजरे भरलेत, तुमच्या देखरेखीखाली कुणाला ठेवता येत असेल तर ठेवा, असं तिकडून उत्तर आलं. बाईंनी फोन ठेवून त्या दोघांकडे पाहिलं. बंबवाला भिंतीवरचं कुत्र्यांच्या लसीचं चित्र वाचायला लागला.

“मी नेतो,” तो म्हणाला.

परतताना बंबवाल्याने विचारलं, “का रे?” त्याला नीट सांगता येईना. “मी धरायला गेलो आणि तिनेच धरलं,” एवढंच तो म्हणाला.

दार उघडल्यावर बायकोने आधी त्याच्या हाताची पट्टी पाहिली.

“हाताला काय झालं?”

“घारीने धरलं.”

“आणि खोक्यात काय आहे?”

“घार.”

ती दारातून बाजूला झाली. “म्हणजे धरणारीलाच घरी घेऊन आलात.”

बायको घरी बसून शाळेचे गणवेश शिवायची. मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला गेल्यापासून त्याची खोली शिवणाची झाली होती. एका बाजूला मशीन, दुसऱ्या बाजूला पांढऱ्या शर्टांचे आणि निळ्या पँटींचे गठ्ठे. ती न बोलता गठ्ठे उचलून पलंगावर ठेवायला लागली. मालाच्या एका मोठ्या लाकडी पेटीला पुढून जुनी चादर लावून घारीची खोली तयार झाली. आत एक ओंडका, त्यावर पायपुसणं गुंडाळलेलं.

“किती दिवस?” तिने विचारलं.

“हाड जुळेपर्यंत.”

“आणि घाण कोण काढणार?”

“मी.”

“तुम्ही दिवसभर विमानतळावर. म्हणजे मी.”

पण घाण काढावी लागेल एवढं ती खातच नव्हती. कोंबडीचं काळीज ठेवलं, माशाचे तुकडे ठेवले, खाटकाकडून मागून आणलेली मांसाची कात्रणं ठेवली. सकाळी ठेवलेलं संध्याकाळी तसंच, कडा सुकलेलं. घार पेटीच्या कोपऱ्यात पाठ टेकून, पिसं फुगवून उभी असायची. त्याने चादर उचलली की चोच उघडायची आणि नुसती बघायची. त्या पिवळट तपकिरी डोळ्यांत ओळख नव्हती, राग नव्हता, काही मागणंही नव्हतं. अशा नजरेपुढे काय करायचं ते त्याला समजत नसे. तो चादर खाली सोडायचा आणि बाहेर येऊन बसायचा.

कामावर त्याचं चित्त लागेना. दोन विमानांच्या मधल्या वेळात तो घरी फोन करायचा.

“खाल्लं?”

“नाही.”

“पाणी?”

“अहो, मी काय वाटीवर खूण करून ठेवलीये का?”

डॉक्टरीणबाईंनी चिमट्याने भरवायला शिकवलं. त्याने घारीला टॉवेलात घट्ट धरायचं आणि बायकोने चोच उघडून तुकडा आत, जिभेच्या मागे सरकवायचा. सुईत दोरा ओवणारे तिचे हात त्या कामाला चटकन बसले. पण घार गिळायची कमी आणि मान झटकून उडवायची जास्त. “शाळेचे पांढरे शर्ट आहेत हो इथे!” बायको ओरडायची. भिंतीवर, कॅलेंडरवर, एकदा तर त्याच्या चष्म्यावर. हसायला यायला हवं होतं, पण टॉवेलात धरलेल्या जिवाचं वजन दिवसेंदिवस कमी होत असलेलं त्याच्या हातांना कळत होतं. छातीचं हाड वर आलं होतं, सुरीच्या पात्यासारखं. शीट हिरवी पडायला लागली. पोटात काही नसलं की अशी पडते, बाई म्हणाल्या.

“मेली तर मेली म्हणायचं,” बायको एकदा जेवताना म्हणाली. “तुम्ही तुमच्याकडून केलंत.”

तो ताटातल्या ताटात घास फिरवत राहिला.

मग एके दिवशी दुपारी, एक विमान नुकतंच उतरलं होतं आणि तो जीपला टेकून घरचा नंबर लावत होता. पलीकडून आवाज आला तो इतका बारीक, की त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

“हॅलो? काय झालं? अगं, काय झालं?”

“फोन ठेवा,” बायको कुजबुजली. “जेवतेय ती.”

नंतर तिने सगळं सांगितलं. गठ्ठा पोचवायचा होता म्हणून ती पेटीकडे पाठ करून बसली होती. मशीन चालू होतं. चादर अर्धी उघडी राहिलेली तिच्या लक्षातच नव्हतं. मागून फाटल्यासारखा आवाज आला. तिला वाटलं शर्टाचं कापड कशात तरी अडकलं. मग उमगलं. तिने मान वळवली नाही की मशीन थांबवलं नाही. आवाज येत होता तोवर पाय हलवत राहिली, आणि एका शर्टाची बाही शिवून शिवून पार बंद करून टाकली.

“तिला कुणी बघायला नको असतं,” ती म्हणाली. “तुम्ही सारखे डोळे लावून बसता तिच्याकडे. कोण जेवेल असं?”

त्या दिवसापासून घार खायला लागली. तो आल्यावर आता खोलीत जायचा नाही, दारातून विचारायचा. बायको रोजचा हिशोब दिल्यासारखी सांगायची: एवढं काळीज, कोंबडीची हाडापिसांसकट मान, सकाळी पिसांची नि हाडांची गोळी ओकली, बाई म्हणाल्या ती चांगली खूण. मुलगा सुटीच्या दिवशी फोन करायचा, तेव्हा आईकडून घारीचंच पुराण ऐकून तो म्हणायचा, “माझ्या खोलीत माझ्यापेक्षा लाड चाललेत कुणाचे तरी.”

त्याच सुमाराला विमानतळाच्या कॅन्टीनमध्ये एक तरुण मुलगी चहाचा कप घेऊन त्याच्या समोर येऊन बसली. अंगावर पायलटचा पोशाख. वयाने त्याच्या मुलाएवढी.

“काका, तुम्हीच ना? घार तुमच्याकडे आहे म्हणे.”

“हो.”

“माझ्या विमानाला लागलेली. जगली?”

“जगली. आता खातेय.”

तिने डोळे मिटून सुस्कारा टाकला. मग कप दोन्ही हातांत धरून बोलायला लागली. “मला दिसली होती ती. अगदी समोर. शेवटच्या क्षणी तिने पंख मिटले आणि खाली पडल्यासारखी गेली, म्हणून विमानाच्या पंखावरच निभावलं. इंजिनात गेली असती तर काय, ते मला माहितीये, तुम्हालाही माहितीये. माझ्यामागे सगळ्या सीट भरलेल्या होत्या. कुणाला काही कळलंही नाही. उतरल्यावर एक आजोबा मला थँक्यू म्हणाले, नुसतं विमान उतरवल्याबद्दल.”

त्याने आपला चहा बाजूला सारला.

“ती जगली ह्याचा मला खरंच आनंद आहे, काका. पण बरी झाली की तिला इकडे सोडू नका.”

“छे छे. इकडे नाही सोडणार.”

“लांब सोडली तरी परत येतात, हो ना?”

येतात. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? घारी आपली जागा सोडत नाहीत. कुंपणाबाहेरच्या उंच झाडांवर त्यांची घरटी होती, आणि ही त्यांतल्याच एका घरट्याची मालकीण असणार. मुलगी कप ठेवून गेली. चहावर साय धरेपर्यंत तो तिथेच बसून होता. इतके दिवस ती मरेल ह्या धास्तीत गेले होते. आता ती जगणार, ही नवीन धास्ती त्याच्या उरावर येऊन बसली.

घारीची पट्टी निघाली. बाईंनी पंख ताणून, दुमडून पाहिला आणि समाधानाने मान हलवली. आता उडवून बघायला लांबरुंद, बंद जागा हवी होती. तो साहेबांकडे गेला. साहेब म्हणजे विमानतळाच्या सुरक्षिततेचे प्रमुख, भला माणूस, कमी बोलणारा.

“मागचं हँगर रिकामं आहे, ते वापरा,” साहेब म्हणाले. “दार पूर्ण बंद. आणि सोडायची ती इतकी लांब सोडा, की मला पुन्हा तिच्याबद्दल विचारावं लागू नये.”

हँगरमध्ये पहिल्या दिवशी ती जमिनीवर बसून राहिली. दुसऱ्या खेपेला उठली. पत्र्याच्या उंच छपराखाली तिच्या पंखांचा आवाज घुमला आणि तो भिंतीला पाठ लावून बघत राहिला. आयुष्यभर त्याने घारी पाहिल्या त्या वरून येणारं संकट म्हणून. किती उंचीवर आहे, कुठे वळेल, विमान किती दूर. नुसतं उडणं त्याने कधी पाहिलंच नव्हतं. ती डावीकडे कलत होती, सावरत होती, पुन्हा कलत होती. शेपूट सुकाणूसारखी वळत होती. टोकाला पोचून ती एका तुळईवर बसली आणि काही केल्या खाली येईना. शेवटी बंबवाला शिडीची गाडी घेऊन आला.

“आगीला एवढी घाई करत नाही मी,” शिडी वर सरकवत तो म्हणाला. “तुझ्या पाहुणीचा थाटच वेगळा.”

रोज दुपारी थोडं थोडं उडवत तिचं कलणं कमी होत गेलं. पुरतं गेलं नाही.

सोडायला बंबवाल्याने आपल्या मेहुण्याची व्हॅन आणली. बायको तयार होऊन आधीच पुढच्या सीटवर बसली होती.

“तू कशाला?”

“मीही जेवू घातलंय तिला.”

डोंगर ओलांडून, अर्धा दिवस गाडी हाकून ते एका मोठ्या तलावापाशी पोचले. काठावर मासेमारांच्या होड्या होत्या, जाळी वाळत होती आणि वर घारी फिरत होत्या. खायला भरपूर, झाडं भरपूर, विमान औषधालाही नाही. त्याने पेटी उंचवट्यावर ठेवून दार काढलं. घार बाहेर येईना. तो वाकून आत बघायला लागला, तशी बायकोने त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं.

“पाठ करा. तुम्हीपण भाऊजी, पाठ करा. बघू नका.”

तिघं पेटीकडे पाठ करून तलावाकडे बघत उभे राहिले. होडीतल्या माणसाने हात थांबवून ह्या तिघांकडे पाहिलं. मग मागे पिसांचा आवाज झाला, डोक्यावरून वारा गेला, आणि त्यांनी वर पाहिलं तेव्हा ती पाण्यावर होती. डावीकडे किंचित कलत गेली, मग उन्हातल्या वाऱ्याने तिला उचललं. वर पोचली तशी ती सगळ्यांसारखी झाली.

“कुठली आपली?” बंबवाल्याने विचारलं.

परतताना बायको वाटभर खिडकीबाहेर बघत होती. रिकामी पेटी मागे खडखडत होती.

नंतरचे काही दिवस बरे गेले. खोली धुतली, गठ्ठे पुन्हा भिंतीशी लागले. तो कामावर जात होता, फटाके उडवत होता, बगळे, टिटव्या, कावळे हाकत होता. मग हवा तापायला लागली आणि घारी नेहमीप्रमाणे धावपट्टीवर घिरट्या घालायला आल्या.

पहिली दिसली तेव्हा त्याने पिस्तूल उचललं आणि थांबला. कलतेय का? नाही. फटाका उडवला. दुसरी आली. ही? वारा आहे म्हणून कलतेय, की तीच आहे? फटाका उडवला, पण उडवायच्या आधी बघितलं. बघायला लागणारा तो क्षण पूर्वी नव्हता. पूर्वी डोळ्याला पक्षी दिसायचा आणि हात आपोआप उठायचा, मध्ये कुणी नसायचं. आता मध्ये ती बसली होती. रोज सकाळी जीप सुरू करताना तो स्वतःला बजावायचा आणि रोज तेच व्हायचं. घरी तो काही बोलला नाही. त्याचं जेवण कमी झालेलं बायकोने पाहिलं, पण तिला वाटलं घारीची आठवण येतेय.

त्या दिवशी विमान खाली येत होतं. दिवे दिसत होते, आवाज यायचा होता. आणि एक घार धावपट्टीच्या तोंडाशी, फार वर नाही, एकटीच गोल फिरत होती. वळताना डावीकडे झुकली. सावरली. पुन्हा झुकली. त्याच्या हातात पिस्तूल होतं, हात वर होता. तो बघत होता. ही ती आहे. ही ती नाही. पुन्हा वळू दे, मग कळेल.

“फटाके! पक्षी! फटाके!” टॉवर ओरडला.

त्याने बार काढला तेव्हा विमानाचं नाक वर उठलं होतं. इंजिनं गरजली, चाकं खाली लोंबत असतानाच विमान त्याच्या डोक्यावरून वर गेलं. घार आवाजाने दचकून कुंपणापार गेली. विमान मोठा वळसा घेऊन परत आलं आणि नीट उतरलं. पायऱ्यांवरून माणसं उतरली. एक लहान मूल आईच्या खांद्यावर झोपलेलं होतं. जीप बंद करून तो ते बघत राहिला.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं.

“ती नव्हती हो,” बायको म्हणाली. “एवढ्या लांबून कशी येईल?”

“नसेलही.”

“मग?”

“ती आहे का, ते मी बघत बसलो. तेच तर सांगतोय.”

बायकोने हातातली कात्री खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो साहेबांपुढे उभा राहिला. साहेब म्हणाले, “काही झालेलं नाही. पायलटला पक्षी दिसला, विमान वर नेलं, फिरून आणलं. त्यासाठीच वर न्यायचं असतं. मनाला लावून घेऊ नका.”

“पायलटने बरोबर केलं, साहेब. मी केलं नाही.”

“एखाद्या वेळी हात आखडतो माणसाचा.”

“माझा रोज आखडतोय. उडवतो मी, पण आधी बघतो. माझ्याच्याने आता हे व्हायचं नाही. दुसरं काहीही द्या.”

“इतक्या वर्षांचं काम आहे तुमचं.”

“म्हणून तर सांगतोय.”

साहेबांनी समोरची खुर्ची पुढे सरकवली. मग म्हणाले, “बसा जरा.” तो बसला नाही.

बंबवाला भडकला. “एका पाखरापायी? खुळा झालास का? आम्ही काय तुला काही बोललो होतो?” सामानाच्या विभागात एकाची जागा रिकामी होती, तिथे त्याची नेमणूक झाली. जीप मिळाली फाटकावरच्या सुरक्षारक्षक बाईंना. दोन मुलांची आई, अंगाने सडपातळ, नजर तीक्ष्ण. त्यानेच तिला शिकवलं. बगळे कोणत्या कोपऱ्यात उतरतात, टिटवी गवतात अंडी घालते ते कसं ओळखायचं, फटाका पक्ष्यावर नाही तर पक्ष्याच्या मागे सोडायचा, म्हणजे तो धावपट्टीपासून दूर पळतो. ती मन लावून ऐकायची. शेवटच्या दिवशी एक घार वर आली तेव्हा तिने पिस्तूल उचलून विचारलं, “काका, तुमची ती ओळखू येते का हो?”

“सगळ्या सारख्याच,” तो म्हणाला. “उडव.”

तिने उडवला. वेळेवर, आणि नेमका मागून.

सामानाच्या खोलीला खिडकी नव्हती. भिंतीतल्या भोकातून काळा पट्टा बाहेर यायचा, लोकांभोवती फिरून पुन्हा आत जायचा. बॅग आडवी पडली, अडकली, की तो ती सरळ करायचा. सुरुवातीला विमान उडाल्याचा आवाज आला की त्याची मान वर जायची आणि पत्र्यावरच्या ट्यूबलाइटला भिडून खाली यायची.

असंच एक विमान उतरलं होतं. माणसं बॅगा घेऊन निघून गेली आणि एक म्हाताऱ्या बाई मागे राहिल्या. पहिलाच प्रवास असावा, पदराचं टोक बोटांना गुंडाळत होत्या. तेवढ्यात बाहेर धाड्कन आवाज झाला. त्या दचकल्या आणि त्यांनी त्याचीच बाही धरली.

“काय झालं हो? विमानाला काही झालं का? माझी नात अजून आत बसलीये, त्याच विमानाने पुढच्या गावी जायचीये तिला!”

“काही नाही, आजी. पाखरं हाकतात.”

“पाखरं?”

“वाटेत येतात ना. बाहेर बाई आहेत एक, चांगल्या आहेत. लक्ष असतं त्यांचं.”

आजींनी त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं. मग बाही सोडली.

“बॅग कुठल्या रंगाची तुमची?”

“हिरवी. दोरी बांधलीये मधोमध.”

पट्टा कुरकुरत फिरत होता. बॅग आली ती उलटी पडलेली, हँडल आतल्या बाजूला. त्याने ती सरळ केली, हँडल आजींच्या बाजूला फिरवलं, आणि त्यांच्या हाताला नीट लागेपर्यंत बॅगेबरोबर दोन पावलं चालत गेला.